चोखंदळ चिंगी आणि ताज्या जेवणाची पाकिटे: सहा महिन्यांचा अनुभव

आमची चिंगी नऊ वर्षांची आहे. ती इंडियन स्पिट्झ, म्हणजे आपल्याकडे जिला सरसकट पामेरियन म्हटले जाते त्या पांढऱ्या केसाळ जातीची. गेली पाच-सहा वर्षे तिने कोणतेही जेवण सलग आठवडाभर मन लावून खाल्ल्याचे मला आठवत नाही. डिसेंबरपासून आम्ही तिच्यासाठी पुण्यातील एका सेवेकडून शिजवून गोठवलेल्या जेवणाची पाकिटे मागवत आहोत. सहा महिने पूर्ण झाल्यावरच लिहायचे असे मी ठरवले होते, कारण खाण्याच्या बाबतीत लाडावलेल्या प्राण्याविषयी पहिल्या आठवड्यात दिलेल्या मताला फारसा अर्थ नसतो, हे मी आधीच्या चार-पाच प्रयोगांतून शिकले होते. सेवेचे नाव मी देत नाही. अशी स्वयंपाकघरे आता बऱ्याच शहरांत आहेत, त्यांची कामाची पद्धत साधारण सारखीच असते, आणि येथे लिहिलेले प्रश्न त्यांपैकी कोणालाही विचारता येतील.

माझे मत आधीच सांगते. अन्न चांगले आहे, स्वच्छ आहे, चिंगी ते खाते आणि तिचे वजन १०.८ किलोवरून ९.६ किलोवर आले आहे. परंतु ती खाऊ लागली याचे अर्धे श्रेय मी पाकिटाला देईन आणि अर्धे आमच्या पशुवैद्यांनी घालून दिलेल्या शिस्तीला. सेवा मात्र आपल्या जाहिरातीत सगळे श्रेय पाकिटाला देते. त्याशिवाय प्रमाणाच्या बाबतीत तिने आम्हाला दिलेला सल्ला चुकीचा होता आणि तो आम्ही पाळला असता तर चिंगीचे नुकसान झाले असते.

आरंभ नमुना पाकिटांपासून झाला. निम्म्या किमतीत पाच पाकिटे मिळाली आणि सोबत ‘सर्वांत चोखंदळ कुत्रेही आवडीने खाईल’ असे आश्वासन होते. पहिल्या संध्याकाळी चिंगीने चार मिनिटांत ताटली रिकामी केली, नंतर ती ताटली चाटत चाटत स्वयंपाकघरातून थेट बैठकीच्या खोलीपर्यंत ढकलत नेली. आमच्या घरात त्या दिवशी अक्षरशः सण होता. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी तिने कोंबडीचा खिमा वेचून खाल्ला आणि भात व भोपळा ताटलीच्या कडेला ठेवला. चौथ्या दिवशी ती ताटलीपाशी आली, तिने एकदा वास घेतला, नाकाने ताटली थोडी बाजूला सारली आणि दिवाणाशेजारी, जेथे आमच्या सासूबाई बसतात, तेथे जाऊन बसली. बहुतेक कुत्र्यांना नव्या अन्नाचे आकर्षण असते आणि ते आकर्षण दोन-चार दिवसांत ओसरते. त्यामुळे पाच पाकिटांच्या नमुन्यावरून ‘आवडले’ असा निष्कर्ष निघतो तो या नव्हाळीचा असतो, अन्नाचा नसतो. ही पाकिटे मागवण्याचा कोणाचा विचार असेल तर पहिल्या दोन दिवसांवरून महिन्याचे पैसे भरू नयेत, निदान दहा दिवस पाहावेत.

चौथ्या दिवशी आम्ही ही सेवाही बंद करणार होतो. ती चालू राहिली ती डॉक्टरांमुळे. त्यांनी सर्वांत आधी एक भेद स्पष्ट केला. नेहमी व्यवस्थित खाणारे कुत्रे अचानक जेवण सोडते तेव्हा तो नखरा नसतो, तो आजार मानून तपासावा लागतो. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप फार आढळतो, आणि त्यात अन्नावरची वासना जाणे हे सुरुवातीचे लक्षण असते. लहान चणीच्या कुत्र्यांत वय वाढले की दातांवर कीटण चढते, हिरड्या दुखतात आणि मग ते मऊ तेवढे खाते व कडक दाणे सोडते. आपल्याला मात्र वाटते की ते चोखंदळ झाले. म्हणून चिंगीचे रक्त तपासले गेले, मूत्रपिंड व यकृताचे आकडे पाहिले गेले आणि दात तपासले गेले. एक मागची दाढ वगळता सर्व ठीक निघाले. त्यानंतरच डॉक्टरांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि विचारले, ‘‘ही काही खात नाही म्हणता, मग हिच्या बरगड्या हाताला का लागत नाहीत?’’

शरीराच्या ठेवणीचे गुण एक ते नऊ अशा मापाने देतात. पाचच्या आसपास आदर्श आणि पाचच्या पुढचा प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानाने दहा टक्के जादा वजन. चिंगीला सात गुण मिळाले, म्हणजे नऊ किलोच्या शरीरावर जवळजवळ दोन किलो ओझे. डॉक्टरांनी आम्हाला चार दिवस तिच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू लिहून ठेवायला सांगितले. ती वही आजही माझ्याकडे आहे. सकाळी चहाबरोबर ग्लुकोजची तीन बिस्किटे, संध्याकाळी तीन, प्रत्येकी सुमारे पंचवीस कॅलरी. दुपारी सासूबाईंच्या ताटातली तूप लावलेली पोळी. दुधावरची साय दोन चमचे. मुलीच्या डब्यातून उरलेला चीजचा तुकडा. फिरायला जाताना सुक्या मांसाच्या दोन कांड्या, कारण त्याशिवाय ती जिना उतरत नसे. आणि रात्री, ‘दिवसभर काही खाल्ले नाही’ म्हणून, खास तिच्यासाठी परतलेला खिमा. बेरीज सहाशे कॅलरींच्या घरात गेली. नऊ किलोच्या, नसबंदी झालेल्या आणि दिवसातून दोनदा कॉलनीला एक चक्कर मारणाऱ्या कुत्रीला वजन टिकवायलासुद्धा इतके लागत नाही. चिंगीला भूकच नव्हती. ताटलीसमोर ती तोंड फिरवत होती, कारण तोंड फिरवल्यावर अधिक चांगले काही येते हे आम्हीच तिला वर्षानुवर्षे शिकवले होते.

यावर डॉक्टरांनी दिलेला नियम साधा होता. दोन वेळा, ठरलेल्या वेळी ताटली ठेवायची. वीस मिनिटांनी, खाल्ले असो वा नसो, ती उचलायची. मध्ये काही द्यायचे नाही, आर्जव करायचे नाही, ताटलीजवळ उभे राहायचे नाही, आणि चव लागावी म्हणून वरून काही घालायचे नाही. हा नियम धडधाकट, प्रौढ कुत्र्यासाठी आहे. लहान पिल्लांना, मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्या किंवा आजारी कुत्र्यांना असे उपाशी ठेवता येत नाही, हे त्यांनी बजावून सांगितले होते, म्हणून मीही येथे सांगते. शिवाय पूर्ण दिवस काहीच पोटात गेले नाही किंवा मरगळ दिसली तर थांबायचे नाही, तपासायला आणायचे.

पहिले दोन दिवस घरात फार जड गेले. चिंगीने सकाळची ताटली सोडली, संध्याकाळी चार घास खाल्ले, दुसऱ्या सकाळी पुन्हा सोडली. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि दिवसभर घरात चिंगीची सोबत त्यांनाच असते. त्यांच्या वाटीत चमचा वाजला की चिंगी कोठूनही धावत येते. दुसऱ्या दुपारी त्या मला म्हणाल्या, ‘‘अगं, मुकं जनावर आहे ते. आपण जेवायचं आणि तिनं टकामका बघत बसायचं, हे मला नाही होणार.’’ मी म्हटले, ‘‘आई, तुम्हीच तिला द्या, पण डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच द्या.’’ त्या दिवशी आम्ही एक स्टीलची छोटी डबी काढली. त्यात रोज सकाळी काकडीच्या फोडी, उकडलेली फरसबी, गाजराचे तुकडे आणि शिजवलेल्या कोंबडीचे नखाएवढे पाच-सहा तुकडे ठेवायचे, एकूण तीस कॅलरींच्या आसपास. वरच्या खाण्याचा वाटा दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे, त्यात हे बसते. डबी सासूबाईंच्या ताब्यात असते आणि ती संपली की त्या दिवसाचे संपले. तिसऱ्या संध्याकाळी चिंगी ताटलीपाशी आली, तिने वास घेतला, मागे वळून दिवाणाकडे पाहिले. सासूबाई पोथी वाचत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. मग तिने खाली मान घालून भोपळ्यासकट सगळे खाल्ले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि माझ्याही.

आता अन्नाविषयी. या सेवेची मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की ती ग्राहकांना शनिवारी स्वयंपाकघर पाहू देते. मी जानेवारीत जाऊन आले. कोंबडीचा खिमा, त्यात ठरावीक प्रमाणात हृदय आणि कलेजी, तांदूळ, लाल भोपळा, गाजर, फरसबी, शेवग्याचा पाला, माशाचे तेल, आणि शेवटी जीवनसत्त्वे व खनिजांची तयार भुकटी, जी वजनकाट्यावर मोजून घातली जाते. कांदा, लसूण, मीठ, मसाला काहीही नाही. ही शेवटची भुकटी पाहून मला बरे वाटले, कारण घरी शिजवलेल्या कोंबडी-भातात नेमके तेच नसते. मांसात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असते आणि कॅल्शियम अगदी थोडे. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियमचे प्रमाण स्फुरदाइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे लागते. वर्षानुवर्षे नुसता खिमा-भात खाणाऱ्या कुत्र्याचे शरीर ती तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढते. आम्ही इतकी वर्षे मोठ्या मायेने जो खिमा परतत होतो, त्यात ही उणीव होती, याचे मला फार वाईट वाटले.

पाकिटावर पाणी ७१ टक्के, प्रथिने ११ टक्के आणि स्निग्धांश ५.५ टक्के असे छापलेले आहे. दाण्यांच्या पिशवीवर २४ टक्के प्रथिने वाचून झाल्यावर हे ११ टक्के कमी वाटतात आणि मलाही तसेच वाटले होते, पण तुलना पाणी वगळून करायची असते. पाकिटात कोरडा भाग २९ टक्के, त्यात ११ प्रथिने, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के. दाण्यांत पाणी दहाएक टक्केच असते, म्हणून त्यातले २४ टक्के पाणी वगळल्यावर २७ टक्क्यांच्या आत येतात. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतील आफ्को या संस्थेने प्रौढ कुत्र्यासाठी कोरड्या भागात किमान १८ टक्के प्रथिनांची मर्यादा घातली आहे, तेव्हा दोन्ही अन्ने त्या कसोटीवर पुरेशी आहेत. दाण्यांवर वाढलेली हजारो कुत्री धडधाकट आहेत आणि ‘ताजे ते चांगले, दाणे ते वाईट’ असे मी म्हणणार नाही, सेवेच्या लोकांनीही ते म्हणू नये. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द पाकिटावर दुसराच आहे: ‘परिपूर्ण व संतुलित’. तो शब्द नसेल आणि ‘पूरक’ असे लिहिलेले असेल तर ते जेवण दोन्ही वेळचे एकमेव अन्न म्हणून देता येत नाही. येथे कोंबडी आणि अंडे-पनीर या दोन प्रकारांवर ‘परिपूर्ण, प्रौढ कुत्र्यांसाठी’ असे आहे. मासळीच्या प्रकारावर मात्र ‘पूरक’ आहे, तेही मागच्या बाजूला बारीक अक्षरात. ही बाब पुढच्या बाजूला ठळक छापायला हवी. मी स्वतः पहिल्या महिन्यात आठवडाभर नुसती मासळीची पाकिटे देत होते.

चिंगीला देताना एका गोष्टीने फार फरक पडला. माणसाच्या जिभेवर सुमारे नऊ हजार स्वादकलिका असतात, कुत्र्याच्या जिभेवर जेमतेम सतराशे. खाण्याचा निर्णय ते नाकाने घेते आणि फ्रीजमधून काढलेल्या थंड अन्नाला वासच नसतो. पाकीट आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात काढून ठेवायचे आणि देण्यापूर्वी बंद पाकीट दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवायचे. हाताला जेमतेम उबदार लागले की पुरे. मायक्रोवेव्हमध्ये मध्येच एखादा भाग चटका बसण्याइतका तापतो, आणि एकदा तोंड भाजले की चोखंदळ प्राणी ते अन्न महिनाभर विसरत नाही. हे पाण्यात ठेवण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. साडेसातला पातेल्यात पाणी ठेवल्याचा आवाज झाला की चिंगी आता दिवाणापाशी जात नाही, ओट्याखाली येऊन बसते.

यापुढे माझी मुख्य तक्रार. सेवेच्या अॅपमध्ये कुत्र्याचे वय आणि वजन भरले की रोज किती द्यायचे ते येते. चिंगीचे १०.८ किलो वजन भरल्यावर उत्तर आले पाचशे ग्रॅम, म्हणजे दीडशे ग्रॅमची तीनहून अधिक पाकिटे. कुत्रे लठ्ठ आहे का, त्याचे आदर्श वजन किती, नसबंदी झाली आहे का, ते किती हिंडते-फिरते, यांपैकी एकही प्रश्न अॅपने विचारला नाही. पशुवैद्यकीय हिशेब आदर्श वजनावर करतात: किलोमधल्या वजनाचा पाऊण (०.७५) घात काढून त्याला सत्तरने गुणायचे. नऊ किलोसाठी हे उत्तर ३६४ कॅलरी येते, म्हणजे नुसत्या विश्रांतीत शरीर चालवायला लागतील तेवढ्या. वजन कमी करायचे असेल तर सुरुवातीला त्याच्याच आसपास राहायचे आणि दर पंधरवड्याला वजन पाहून प्रमाण बदलायचे. पाकिटातील अन्न शंभर ग्रॅमला ११५ कॅलरींचे आहे. तेव्हा दोन पाकिटे म्हणजे ३४५, आणि डबीतल्या तीस. डॉक्टरांनी हेच प्रमाण ठरवले. अॅपच्या सांगण्याप्रमाणे दिले असते तर पाकिटांतूनच रोज ५७५ कॅलरी गेल्या असत्या, म्हणजे वजन जेथल्या तेथे राहिले असते. शिवाय भरल्या पोटी तिने दुसऱ्या वेळची ताटली पुन्हा सोडली असती आणि आम्ही पुन्हा खिम्याकडे वळलो असतो. त्यातून, हा ११५ चा आकडा पाकिटावर छापलेलाच नाही. तो मिळवायला मला दोनदा फोन करावा लागला. जे जेवण कॅलरी मोजून द्यायचे त्याच्या पाकिटावर कॅलरी नसणे ही लहान चूक नाही. मी हे त्यांना लेखी कळवले आहे. उत्तर सौजन्याने आले, पण अॅप अजून तसेच आहे.

वाहतुकीचा अनुभव बहुतांशी चांगला. दर शुक्रवारी चौदा पाकिटे थर्माकोलच्या पेटीत येतात. मे महिन्यात मात्र एकदा पेटी दुपारी तीन वाजता आली आणि वरची चार पाकिटे पूर्ण वितळून कोमट झाली होती. एका पाकिटाचा सांधा सुटून रस पेटीत सांडला होता. मी छायाचित्रे पाठवली, दुसऱ्या दिवशी चार नवी पाकिटे विनामूल्य आली, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. पण उन्हाळ्यात सकाळची वेळ द्यावी ही माझी विनंती त्यांनी ‘मार्गावर अवलंबून’ म्हणून टाळली. आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी, तीही कधी कधी पाच-सहा तास. पुण्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. फ्रीजर भरलेला आणि बंद ठेवला तर तेवढा वेळ निभावते, तरीही मोठा साठा करू नये. थर्माकोलच्या पेट्या परत नेण्याची सोय त्यांनी करायलाच हवी. आमच्या बाल्कनीत आज वीसहून अधिक पेट्या साठल्या आहेत.

एप्रिलच्या मध्यावर चिंगीने अचानक कोंबडीचे पाकीट नाकारले. नियमाप्रमाणे वीस मिनिटांनी ताटली उचलली, दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. माझ्या मनात गोचीडतापाची भीती आली. मी पाकीट उजेडात धरून पाहिले तेव्हा घटकांच्या यादीत तांदळाच्या जागी नाचणी आली होती. कृती बदलली होती आणि कोणालाही कळवले नव्हते. नाचणी उत्तम धान्य आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु एका अन्नावरून दुसऱ्यावर जाताना साधारण आठवडाभर थोडे थोडे मिसळत जायचे असते, नाहीतर पोट बिघडते, असे याच सेवेच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे. ज्यांचे बहुतेक ग्राहक चोखंदळ कुत्र्यांचे मालक आहेत त्यांनी तरी हे विसरू नये. सुदैवाने चिंगीच्या पोटाला काही झाले नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने नाचणी स्वीकारली.

ते माहितीपत्रक मात्र मनापासून वाखाणण्यासारखे आहे, कारण ते सोप्या मराठीत आहे आणि त्यामुळे सासूबाईंनी ते स्वतः वाचले. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, मग ते कच्चे असोत वा शिजलेले. द्राक्षे आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेट घातक आहे, आणि झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ घातलेले च्युइंगमही. हे सारे त्यात नीट समजावलेले आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात आणि तो प्रसाद चिंगीला दर वेळी मिळत असे, हे वाचताना सासूबाईंचा हात थांबला. या पत्रकात एक भर घालायला हवी, ती मी आमच्या प्रतीत पेनाने घातली आहे: चिंच. द्राक्षांतील घातक पदार्थ टार्टारिक आम्ल असावे असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ साली मांडले, आणि हे आम्ल चिंचेत भरपूर असते. चिंच खाल्ल्यावर कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणेही त्यांनी नोंदवली आहेत. मराठी घरात जेवणाच्या शेवटी कुत्र्याला आमटी-भात कालवून घालण्याची जुनी रीत आहे, म्हणून आपल्या माणसांना हे सांगणे अधिक गरजेचे आहे.

आमच्यासारख्या घराला या पाकिटांचा आणखी एक उपयोग झाला, जो मी आधी धरला नव्हता. सासूबाई शाकाहारी आहेत, गुरुवारी आणि चतुर्थीला घरात कोणीच मांसाहार शिजवत नाही, आणि श्रावणात महिनाभर नाही. मागच्या श्रावणात चिंगीला दही-भात आणि पोळी-दूध मिळाले, तिने तेही सोडले आणि पेढ्यांवर दिवस काढले. आता बंद पाकीट बंदच गरम होते, ताटलीतच उघडले जाते, फ्रीजरचा खालचा खण तिचा, आणि सासूबाईंना त्याला हात लावायला संकोच वाटत नाही. ज्या घरांत एकाच ओट्यावर दोन रीती सांभाळाव्या लागतात, त्यांना या सोयीचे मोल लगेच समजेल.

खर्च मात्र नीट पाहून घ्यावा. दीडशे ग्रॅमचे पाकीट पंच्याऐंशी रुपयांना, म्हणजे आमचे रोजचे एकशेसत्तर, आणि आठवड्याच्या साठ रुपये वाहतुकीसह महिन्याला साडेपाच हजारांच्या जरा आत. बिस्किटे, कांड्या आणि खिमा यांवर जाणारे पैसे वाचले, म्हणून आम्हाला हे झेपते. तीस किलोच्या लॅब्रेडॉरसाठी त्याच सूत्राने सुमारे नऊशे कॅलरी येतात आणि वजन टिकवायला त्याच्या दीडपटीहून थोड्या जास्त, म्हणजे रोज चौदाशेहून अधिक कॅलरी लागतात, म्हणजे आठ पाकिटांच्या वर, आणि महिन्याचा खर्च एकवीस हजारांच्या पुढे जातो. त्या घराला मी ही सेवा सुचवणार नाही. परिपूर्ण असे लिहिलेले चांगले दाणे, त्यावर कोमट पाणी आणि वीस मिनिटांचा नियम एवढ्याने त्यांचे काम बहुधा होईल. ज्यांना घरीच शिजवायचे आहे त्यांनी पशुवैद्यांकडून कृती आणि खनिजांच्या भुकटीचे प्रमाण लिहून घ्यावे, अंदाजाने करू नये.

पाचपैकी मी साडेतीन तारे देते. अन्नाची प्रत, उघडे स्वयंपाकघर आणि मराठी माहितीपत्रक यांसाठी साडेचार दिले असते. एक तारा प्रमाणाच्या चुकीच्या सल्ल्यासाठी व न छापलेल्या कॅलरींसाठी कमी केला आहे. हे सुधारले तर मी तो आनंदाने परत देईन. कालच्या वजनाला काटा ९.६ वर थांबला, डॉक्टरांनी बरगड्यांवरून हात फिरवला आणि आता त्या हाताला लागतात. चिंगी दवाखान्यातून परतताना दोन जिने स्वतःच्या पायांनी चढली. श्रावणासाठी अंडे-पनीरची पाकिटे मागवली आहेत, पहिली चौदा या शुक्रवारी येतील, आणि चव बदलणार असल्याने सासूबाईंनी मिसळण्याचे सात दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयवर आतापासूनच खुणा करून ठेवले आहेत.